पुण्याचा पगार घेऊन सोलापुरात राहायला यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा ३४ वर्षांचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. कंपनी बंगळूरची आणि काम घरून, हातात महिना एक लाख दहा हजार. बायको हिंजवडीत एका कंपनीत एचआरला, तिच्या हातात ४५ हजार. वाकडला २८ हजार भाडं, पाच वर्षांची मुलगी. सोलापूरची ओळख म्हणजे लहानपणी मावशीकडे काढलेल्या सुट्ट्या. तिथे राहायला गेलो तर किती पैसे वाचतील, बायकोला काम मिळेल का, आणि गेल्या गेल्या फ्लॅट घेऊन टाकावा का?

मी सोलापुरात सीएची प्रॅक्टिस करतो. टॉवेलवाले, युनिफॉर्मवाले, डॉक्टर, एमआयडीसीतले छोटे कारखानदार असे बरेच जण माझ्याकडे आहेत. कोविडनंतर त्यात आणखी एक नमुना वाढला: लॅपटॉप काखोटीला मारून पुण्या-बंगळूरहून परत आलेली मंडळी. यातल्या कुणाचं जमलं आणि कोण दीड वर्षात सामान बांधून परत गेलं, ते त्यांच्या रिटर्नमध्येच दिसतं. त्यामुळे गावाच्या प्रेमापोटी 'या हो, आपलंच गाव आहे' असं म्हणणार नाही. आधी आकडे मांडू.

सोलापुरात जुळे सोलापूर, विजापूर रोड, आसरा चौक या भागात बरा टू बीएचके दहा-अकरा हजारांच्या आगेमागे मिळतो. म्हणजे भाड्यात सतराएक हजार वाचले. शाळेची फी, बसचे पैसे, कामाच्या मावशी, पेट्रोल, बाहेरचं खाणं यात आणखी दहा-बारा हजार धरा. सगळे मिळून २८ हजार झाले. त्यातून पाण्याचे टँकर, उन्हाळ्याचं वीजबिल आणि पुण्याच्या फेऱ्यांचे चार-पाच हजार वजा करा. निव्वळ बचत चोवीसएक हजार. आता बायकोची ४५ हजारांची नोकरी सुटली, तर घरात दर महिन्याला वीसेक हजार कमीच येणार. गणित इथेच फसतं. येणारा प्रत्येक जण भाड्याची तुलना करून येतो. घरातल्या दुसऱ्या पगाराचा विचार ट्रकमध्ये सामान चढल्यावर सुरू होतो.

सोलापूर स्वस्त का आहे, हे नीट कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं. १८६०मध्ये मुंबईकडची रेल्वे इथवर आली, आजूबाजूला कापूस होताच. १८७७मध्ये, म्हणजे ऐन मोठ्या दुष्काळात, मोरारजी गोकुळदासांची कापड गिरणी उभी राहिली. तिलाच पुढे सगळे 'जुनी मिल' म्हणायला लागले, आणि मुरारजी पेठ हे नावही त्यांचंच. मग १८९८मध्ये लक्ष्मी, १९०८मध्ये विष्णू, शिवाय नरसिंग गिरजी आणि जाम मिल. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, मराठवाड्यातून आली. भोंग्यावर चालणारं शहर होतं हे. जुनी मिल साठच्या दशकातच थांबली. बाकीच्या नव्वदीत आणि त्यानंतर एकेक करून बंद पडल्या. महिन्याचा बांधील पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी देणारी नोकरी गेली. उरले ते यंत्रमाग आणि विड्या. यंत्रमागावर मजुरी मीटरवर किंवा नगावर ठरते, विडीला हजारावर.

म्हणजे इथली स्वस्ताई आकाशातून पडलेली नाही. इथल्या लोकांच्या हातात पैसा कमी आहे, म्हणून घरमालक भाडं वाढवू शकत नाही आणि खानावळवाला ताटाचे दर वाढवू शकत नाही. टॅली येणारा बी.कॉम. पोरगा आजही बारा-पंधरा हजारांवर कामाला लागतो, नवा इंजिनिअर त्याहून फार पुढे नसतो. तुम्ही बाहेरचा पगार आणून इथे खर्च करणार, तेव्हा ही तफावत तुमच्या फायद्याची. उद्या तो पगार थांबला आणि इथल्या बाजारात नोकरी शोधायची वेळ आली, तर तीच तफावत अंगावर येते. मला विचाराल तर निर्णयाचा सगळा गाभा इथे आहे.

म्हणून पहिला सल्ला तुमच्या स्वतःच्या नोकरीबद्दल. 'काम घरून' हे नियुक्तिपत्रात लिहिलंय का, की मॅनेजरच्या तोंडी परवानगीवर चाललंय? माझ्या ओळखीतली बरीच मंडळी दुसऱ्या प्रकारातली होती. मॅनेजर बदलला, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या असा ईमेल आला, आणि जुळे सोलापुरातला फ्लॅट पुन्हा भाड्याला लागला. पुण्यात नोकरी गेली तर माणूस त्याच घरात राहून दुसरी शोधतो. इथे दुसरी नोकरी अडीचशे किलोमीटरवर असते. त्यामुळे पुण्यात सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक पुरत असेल, तर इथे येताना वर्षाची ठेवा. खर्च कमी असल्यामुळे ती साठायलाही वेळ लागत नाही. हा या शहराचा खरा फायदा आहे, आणि तो कुणी मोजत नाही.

प्रवासाचं म्हणाल तर पुण्याशी जोडणी चांगली आहे. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि संध्याकाळी सहाला पुण्याहून परत निघते. (१९३०मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवरून गाडीचं नाव आहे. इथल्या शाळकरी पोरालाही ती चार नावं पाठ असतात. पुण्याहून रोज त्या गाडीत बसणाऱ्यांना बहुधा नसतात.) फेब्रुवारी २०२३पासून वंदे भारत आहे, तीही पहाटेच निघते आणि पुण्याला नऊच्या सुमारास पोचवते. महिन्यातून दोनदा ऑफिसला तोंड दाखवायचं असेल तर काहीच अडचण नाही. दर आठवड्याला जायचं म्हटलं की माणूस थकतो आणि बायको-मुलांना रविवारचाच भेटतो.

विमानाच्या भरवशावर मात्र काही ठरवू नका. होटगी रोडच्या विमानतळासाठी जून २०२३मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची विमानांच्या वाटेत येणारी चिमणी पाडली. त्यावर गावात किती वादावादी झाली ते इथे सांगत बसत नाही, दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे हिशेबाला येतात. २०२५मध्ये गोव्याची आणि नंतर मुंबईची विमानं सुरू झाली. चांगलं आहे. पण छोट्या शहरांतली विमानसेवा कधी वेळ बदलते, कधी दिवस बदलते. 'एअरपोर्टपासून दहा मिनिटं' म्हणून प्लॉट विकणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता तुमच्या पत्नीच्या कामाबद्दल. खरं उत्तर हवं असेल तर ते असं की, पुण्यात ज्याला एचआर म्हणतात तसं खातं असलेल्या कंपन्या इथे बोटावर मोजण्याइतक्या. कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन आहे, रसायनातली बालाजी अमाइन्स आहे, मोटारी आणि पंप बनवणारे आहेत, सिमेंटवाले आहेत, मोठी खाजगी रुग्णालयं आहेत. पण तिथे जागा वर्षात एखाददुसरी निघते आणि ओळखीपाळखीत भरली जाते. बाकी कारखान्यांत एचआर म्हणजे मालकाचा मेव्हणा किंवा वीस वर्षांपासूनचे दिवाणजी. हजेरीचं रजिस्टर त्यांच्या टेबलावर, उचल कुणी किती घेतली ते त्यांच्या डोक्यात.

पण याच ठिकाणी एक काम पडलेलं आहे, आणि ते करणारी माणसं कमी आहेत. टॉवेल आणि गारमेंटच्या युनिटात वीस-तीस-चाळीस कामगार सर्रास असतात. दहा कामगार झाले की ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, वीस झाले की पीएफ. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे वेतनाची व्याख्या बदलली आणि मालकांची झोप उडालीय. नियुक्तिपत्र कसं द्यायचं, भत्ते किती टक्क्यांपर्यंत ठेवायचे, नगावर काम करणाऱ्याचा पीएफ कशावर कापायचा, हे समजावून सांगणारा माणूस त्यांना हवा आहे. आमच्यासारख्यांकडे ते येतात, पण हे आमचं मुख्य काम नाही आणि आम्ही ते मनापासून करत नाही. एचआरचा अनुभव असलेल्या बाईने दहा-बारा युनिटांचं पगारपत्रक आणि पीएफ-ईएसआयचं काम महिन्याच्या ठरावीक फीवर घेतलं, तर वर्षभरात पंचवीस-तीस हजार महिना मिळायला हरकत नाही. पहिले सहा महिने हातात फारसं पडणार नाही. फी वेळेवर येणार नाही. मालक म्हणेल, 'ताई, पार्टीकडनं पेमेंट आलं की देतो.' हे वाक्य ऐकायची सवय करावी लागेल. सेवेची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नाही, त्यामुळे सुरुवात कमी भानगडीची आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी आधीच ठरवावी. हे काम मोबाइलवर होत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत प्रत्यक्ष जाऊन बसावं लागतं. बाहेरून एकमजली पत्र्याची शेड दिसते. आत गेलं की मागांचा असा काही आवाज असतो की समोरच्याचे ओठ वाचावे लागतात. एकेक कामगार चार-सहा माग सांभाळतो, धागा तुटला की माग थांबवून गाठ मारतो आणि पुन्हा चालू करतो. कापसाची बारीक लव हवेत तरंगत असते, पापण्यांवर बसते. कोपऱ्यात काचेच्या केबिनमध्ये मालक सुताच्या दलालाशी तेलुगूत बोलत असतो, तुमच्याशी मराठीत, ड्रायव्हरशी दखनीत. तिथल्या तिथे कामगारांचं आधार आणि पीएफ खातं जुळत नाही, नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन आहे, असं निघतं. ते सोडवणारी बाई त्या मालकाला कायमची हवी असते. ज्यांना या आवाजात आणि या माणसांत काम करायला मजा येईल त्यांनी जरूर यावं. ज्यांना वातानुकूलित ऑफिस आणि लिंक्डइनवरचं पद हवंय, त्यांनी पुण्यातल्याच कंपनीकडे घरून कामाची परवानगी मागून बघावी. मला तर वाटतं, सोलापूरच्या घराचं ठरवण्याआधी त्यांनी हीच मागणी टाकावी. मिळाली तर सगळंच सोपं झालं.

यंत्रमागाचा धंदा आता कसा चाललाय, हेही सांगायला हवं, कारण शहराच्या हवेचा अंदाज त्यावरून येतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरीही बाजारात 'सोलापुरी' म्हणून विकली जाणारी कितीतरी चादर पानिपतची असते. जाड जॅकार्ड चादर विणणारे जुने मागवाले कमी झाले, टॉवेलवाले निर्यातीवर टिकलेत, आणि नवा जोर आहे तो शाळेच्या युनिफॉर्मचा. डिसेंबरपासून जूनपर्यंत युनिफॉर्मवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, दिवाळीपर्यंत मग थंडावा. २०२३-२४पासून सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजावटीत मिळतो. या नियमाने काही जणांची उधारी सुटली, तर काही बड्या खरेदीदारांनी 'तुम्ही उद्यम नोंदणीच (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केलेली सरकारी नोंदणी) काढून टाका' असा लकडा लावला. हे सांगण्याचं कारण म्हणजे 'सोलापूर मेलं' असं म्हणणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका आणि 'सोलापूर दुसरं पुणे होणार' असं म्हणणाऱ्यांवर तर मुळीच नको. २०१६मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नाव आलं तेव्हाही हेच बोललं गेलं होतं. रस्ते खणले गेले, काही चांगलं झालं, पण नोकऱ्या त्यातून आल्या नाहीत.

पैशाचं झालं. आता पाणी. सोलापुरात घर बघायला गेलात की खोल्या नंतर बघा, आधी पाण्याची चौकशी करा. उजनी धरण शंभरएक किलोमीटरवर, तिथून जलवाहिनीने पाणी येतं. शिवाय टाकळीजवळ भीमेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून. एवढं असूनही वर्षानुवर्षं नळाला पाणी तीन-चार-पाच दिवसांआड येत आलंय. उजनीची समांतर जलवाहिनी झालीय म्हणून एजंट सांगेल की आता रोज येणार. त्याचं ऐकून घ्या आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा: किती दिवसांआड येतं, किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, मे महिन्यात काय होतं? रात्री दोनला पाणी येणाऱ्या गल्ल्या आहेत, आणि तिथे मोटर लावायला कुणीतरी उठतंच.

हिशेब साधा आहे. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण धरलं तर तिघांना रोज चारशे लिटर. पाच दिवसांचे दोन हजार. उन्हाळ्यात कूलर रोज चाळीस-पन्नास लिटर सहज पितो. पाहुणे आले की विषयच संपला. म्हणून तुमच्या वाट्याचा साठा, जमिनीखालचा हौद आणि वरची टाकी मिळून, तीन हजार लिटरच्या खाली असेल तर ते घर सोडून द्या. मोठ्या सोसायटीत बोअर आहे का, तो एप्रिलमध्ये आटतो का, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हेही विचारा. शंभर फ्लॅटच्या झगमगीत इमारतीपेक्षा मोठा हौद असलेलं बैठं घर इथे कितीदा बरं पडतं.

उन्हाळा हा दुसरा भाग. मार्चच्या मध्यापासून सुरू होतो, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४पर्यंत जातो. हवा कोरडी असल्यामुळे कूलर चांगला चालतो, मुंबईसारखी चिकचिक नाही. पण शेवटच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. तुम्ही दिवसभर घरातच बसून काम करणार, त्यामुळे शेवटचा मजला आणि पश्चिमेच्या खिडक्यांची खोली, दोन्ही टाळा. ज्या खोलीत बसणार तिथे एसी लागेल, बॅटरीचा इन्व्हर्टर लागेल, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट ठेवावं लागेल. फायबर बहुतेक भागांत आलंय, वेगाची तक्रार नाही. पण रस्ता खणताना केबल तुटली की दुरुस्तीवाला 'आलोच' म्हणतो आणि तो आलोच दुसऱ्या दिवशी उगवतो.

मुलीच्या शाळेची फार काळजी नको. सीबीएसईच्या शाळा आहेत, राज्य मंडळाच्या जुन्या नामवंत शाळा आहेत, फी पुण्याच्या निम्म्यातही बसते. बारावीनंतरही इंजिनिअरिंग आहे, १९६३पासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, २००४पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. तरी खरं सांगायचं तर इथली हुशार पोरं शिकली की पुण्याची गाडी पकडतात, आणि तुमचीही पकडेल. दवाखान्यांच्या बाबतीत मात्र सोलापूर आपल्या आकाराच्या मानाने फार पुढे आहे. कलबुर्गी, विजयपूर, धाराशिव, लातूरकडचे रुग्ण इथे येतात. हृदयाचं, मेंदूचं ऑपरेशन इथे होतं. उद्या आई-वडिलांना सोबत आणायचं ठरवलंत तर पाणी सोडून बाकी सगळं त्यांच्या सोयीचं आहे. घरापासून डॉक्टर दहा मिनिटांवर, आणि त्यात ट्रॅफिक धरलेला आहे.

जातीपाती, भाषा, शेजार यांवर कुणी उघड विचारत नाही म्हणून मीच लिहितो. घर देताना 'मूळ गाव कुठलं' हा प्रश्न येणार, आणि त्यामागचा प्रश्न तुम्हाला कळेलच. नव्या वस्त्यांत तो लवकर विरतो. पूर्व भागात, म्हणजे अशोक चौक, कन्ना चौक, दत्त नगर या बाजूला, घराखाली माग आणि वर संसार अशी वस्ती आहे. तिथे तेलुगू आल्याशिवाय गप्पांत शिरता येत नाही, पण मदतीला कमी नाहीत. बाया सकाळी विडी कारखान्यातून पान-तंबाखू घेऊन येतात, दिवसभर सूप मांडीवर घेऊन वळतात, दुसऱ्या दिवशी मोजून परत देतात. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांवरून तिथे रोज हुज्जत असते. कुंभारीला रे नगरात कामगारांची हजारो घरं उभी राहिली आहेत, त्यातली पहिली पंधरा हजार जानेवारी २०२४मध्ये दिली गेली. हे सगळं तुम्ही राहणार त्या भागापासून फार लांब नाही. पण लॅपटॉपवाल्यांपैकी तिकडे फिरकलेले मला फार थोडे माहीत आहेत. हजाराच्या दराने विड्या वळणाऱ्या बायांच्या शहरात आपण स्वस्तात राहतोय, हे निदान ठाऊक असावं. कामाच्या मावशींचा पगार ठरवताना तरी त्याचा उपयोग होतो.

बोलीचं सांगून ठेवतो: 'काय बे' हे इथे प्रेमाचं आहे. पुणेरी कानाला आधी लागतं, मग मुलगीच घरी येऊन बोलायला लागते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, उंच नंदीध्वज खांद्यावर पेलून निघालेली मिरवणूक, हिवाळ्यात मंगळवेढ्याकडच्या ज्वारीचा हुरडा, आणि बाराही महिने शेंगाची चटणी न् कडक भाकरी. सुट्टीत आलेल्या भाच्याने हे खाल्लेलं असणारच, त्यामुळे जास्त लिहीत नाही. मल्टिप्लेक्स, मॉल, मराठी नाटकांचे सलग प्रयोग, मुलीसाठी पोहण्याचे आणि रोबोटिक्सचे क्लास हवे असतील तर हात थोडा आखडता घ्यावा लागेल. आहेत, पण दोन-तीन पर्यायांतून निवडायचं.

फ्लॅट लगेच घ्यावा का? नाही. दोन कारणं आहेत. इथे घर विकत घेणं सोपं, विकणं अवघड. पुण्यात चार महिन्यांत गिऱ्हाईक मिळतं, इथे वर्ष जातं. नोकरी बदलली आणि परत जायची वेळ आली तर हप्ता तिकडचं भाडं भरत भरत भरावा लागतो. दुसरं कारण कागदपत्रांचं. १९९२च्या हद्दवाढीनंतर शहराभोवतीची खेडी महापालिकेत आली आणि शेतजमिनीचे गुंठे पाडून विकण्याचा धडाका लागला. आजही कितीतरी घरं गुंठेवारीच्या प्लॉटवर आहेत. दर बघितला तर मोह होतो, पण नियमितीकरण झालेलं नसेल तर बँक कर्ज देत नाही आणि पुढचं गिऱ्हाईकही त्याच दारावर अडकतं. बंद गिरण्यांच्या जमिनींवरच्या योजनांतही मालकी कुणाकुणाकडून फिरत आली, हे वकिलाकडून तीस वर्षांचा शोध काढून पाहिल्याशिवाय सही करू नका. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिगरशेतीचा आदेश, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, हे चारही कागद समोर ठेवले तरच पुढे बोला. 'भोगवट्याचं काय, सगळ्यांचं असंच चालतं' असं कुणी म्हणालं, तर तो खरंच बोलतोय. तुम्ही मात्र त्या सगळ्यांत जाऊ नका.

तुम्ही पुढे स्वतःचं काही सुरू करायचं म्हणत असाल तर एकच सुचवतो. या शहरात लग्न होऊन आलेल्या किंवा मुलांसाठी पुण्याची नोकरी सोडून परतलेल्या, उत्तम शिकलेल्या मुली घरोघरी आहेत. इंजिनिअर आहेत, एम.कॉम. आहेत, दोन-चार वर्षांचा कंपनीचा अनुभव आहे. टेस्टिंगचं, डेटाचं, अकाउंटिंगचं काम त्यांना घराजवळच्या छोट्या ऑफिसात, शाळेच्या वेळा सांभाळून दिलं तर त्या सोडून जात नाहीत. पुण्यात माणूस टिकवण्यावर जो खर्च होतो तो इथे जवळपास होत नाही. माझ्याच ऑफिसची निम्मी ताकद त्या आहेत. पण 'स्वस्तात मिळतात' म्हणून पंधरा हजारांत राबवायला आलात तर सहा महिन्यांत सगळ्या गावाला कळेल, आणि मग कुणीच येणार नाही.

तेव्हा तुमच्या बाबतीत मी असं करेन. पत्नीने आधी घरून कामाची मागणी टाकावी, उत्तर येईपर्यंत पुण्याचं घर सोडू नका. तुमच्या कंपनीकडून कामाचं ठिकाण सोलापूर असं लेखी घ्या. मग मार्चच्या शेवटी अकरा महिन्यांच्या करारावर, नोंदणी करून, भाड्याने घर घ्या. दिवाळीत किंवा गड्ड्याच्या वेळी येऊ नका. तेव्हा हवा छान असते, हौद भरलेले असतात आणि कुठलंही घर आवडतं. मेची शाळेची सुट्टी इथे काढा, नव्या शाळेत जूनमध्ये नाव घाला. त्या मे महिन्यात पाणी, ऊन आणि पत्नीचं काम, या तिन्हींतल्या दोन गोष्टी जमल्या तर वर्ष काढा. एकच जमली तर करार मोडायचा महिन्याभराच्या नोटिशीचा मुद्दा करारात आधीच लिहून घेतलेला असू द्या. इथले घरमालक तो खळखळ न करता मान्य करतात, फक्त सही करायच्या आधी विचारावं लागतं.